समर्थच्या नावाचा उंदीर

नळकांड्यातलं पाणी इतकं खोल हवं की उंदराची शेपटी तळाला टेकू नये. टेकली तर तो तिच्यावर उभा राहतो, आणि उभ्या उंदराकडून काही कळत नाही.

*

ज्याचं प्रेत मिळत नाही त्याचा पुतळा करतात. अंग पळसाच्या पानांचं, दर्भानं बांधलेलं. डोक्याच्या जागी नारळ.

*

पौषात सड्यावरच्या आंब्याच्या कलमांना मोहोर येतो. मग फवारणी सुरू होते आणि तो वास दुपारपर्यंत घशात बसतो. खिडक्या लावून घेतल्या तरी.

*

"जेवला?"

"पेज प्यायला."

"काही बोलला?"

"नाय गो."

*

प्राणिगृहाच्या दारावर लॅमिनेट करून लावलेल्या सूचनांपैकी एक: प्राण्यांना नावे देऊ नयेत.

*

"हात मारणारे आधी जातात. उताणं पडायचं."

*

आता नीट सांगते.

पावस रस्त्यावर, सड्याच्या कातळपठारावर, एक फार्मसी कॉलेज आहे. तिथं मी औषधशास्त्र शिकवते. इमारत चिऱ्याची आहे, भोवती कातळ, कातळापलीकडे कलमं. प्रयोगशाळेच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही, पण वारा त्याच बाजूनं येतो आणि लोखंडी कपाटं वर्षाच्या आत गंजतात.

आमचं सध्याचं काम नैराश्यावरच्या एका गोळीचं. पद्धत जुनी आहे. काचेच्या उंच नळकांड्यात पाणी भरायचं आणि त्यात पांढरा उंदीर सोडायचा. तो पोहतो, काचेवर नखं मारतो, बुडी मारून तळ बघून येतो. वाट नाही हे कळलं की थांबतो. नाक पाण्यावर राहील एवढेच पाय हलवतो. या थांबण्याला आमच्या विषयात हताशा म्हणतात. औषध दिलेला उंदीर उशिरा थांबतो. जेवढा उशिरा, तेवढं औषध चांगलं. मग त्याला बाहेर काढायचं, फडक्यानं पुसायचं आणि दिव्याखाली ऊब द्यायची. कोणीही बुडत नाही. हे मी दर वर्षी नव्या मुलांना सांगते, कारण दर वर्षी कोणीतरी विचारतंच.

समर्थ माझा धाकटा भाऊ. आखातात एका लहान मालवाहू बोटीवर खलाशी होता. श्रावणात बोट बुडाली. कोणी वाचलं नाही, असा निरोप कंपनीकडून आला. पूर्णगडला आमच्या घरी आईनं पितृपंधरवड्यात त्याचा पुतळा करून घेतला आणि खाडीकाठी जाळला. मी उभी होते. नारळ फुटला तेव्हा सगळ्यांनी मान वळवली, मीही वळवली.

मार्गशीर्षात समर्थ घरी आला.

ओमानच्या किनाऱ्यावरच्या एका दवाखान्यात तो कागदपत्रांशिवाय पडून होता. नाव सांगत नव्हता, म्हणून कोणाला कळवता आलं नव्हतं. शेवटी कंपनीनं फोटोवरून ओळखून त्याला पाठवलं. आमच्याकडे आल्यावरही तो पडवीत भिंतीकडे तोंड करून बसायचा. पाण्याजवळ जायचा नाही. आई ओल्या फडक्यानं त्याचं अंग पुसायची, आणि बादलीत फडकं पिळल्याचा आवाज आला की त्याचे खांदे वर यायचे. मी एकदा विचारलं, तू कसा वाचलास? त्यावर त्यानं ती दोन वाक्यं सांगितली. हात मारणारे आधी जातात, उताणं पडायचं.

रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी त्याला गोळ्या दिल्या. आमच्या प्रयोगातलंच औषध होतं. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, हे मी आईला सांगत राहिले. मला तो परत हवा होता. पडवीत बसलेला नव्हे. सुट्टीवर आला की माझी स्कूटी पळवणारा, आईच्या माशांच्या तिखल्यात मीठ कमी आहे म्हणून रोज वाद घालणारा.

*

आईला दुसरीच धास्ती होती. गुरुजींनी सांगितलं होतं की जिवंत माणसाचा पुतळा जाळला गेला असेल तर त्याला पुन्हा जन्माला घालावं लागतं. मोठ्या घंगाळात पाणी भरायचं, वर तूप सोडायचं, त्यात त्याला बसवायचं. गर्भात असतो तसा. मग बाहेर काढायचं, पुसायचं, ऊब द्यायची, कानात नाव सांगायचं. तोपर्यंत तो इथला नव्हे.

मी नको म्हणाले. आईनं घंगाळ भरलं.

समर्थनं ते पाहिलं आणि तो भिंतीवर चढायला लागला. चिऱ्याच्या भिंतीवर, दोन्ही हातांनी, काही न बोलता. आम्ही त्याला ओढून खाली बसवलं तेव्हा नखांतून रक्त येत होतं. आईनं घंगाळ पालथं केलं. लाल अंगणात तूप आणि पाणी वेगवेगळं वाहत गेलं.

पुढच्या रविवारी तिचा फोन आला. मी प्रयोगशाळेत होते. दुसऱ्या दिवशी मुख्य चाचणी, आणि आदल्या दिवशी उंदरांना एकदा पाण्याची ओळख करून द्यायची असते.

"योगू, तुझ्या त्या उंदरांना पाण्यातच घालतेस ना गो?"

"हो. आता तेच चाललंय."

"मग काढतेस, पुसतेस, दिव्याखाली ठेवतेस."

"आई, ते वेगळं."

"काय वेगळं? जाळताना नारळ चालला. मग जन्माला घालताना जिता जीव का नाय चालायचा? एक त्याच्या नावानं घाल."

"उंदीर घालू? समर्थच्या नावानं?"

"वाघ हाय काय तुझ्याकडं? असेल तर तो घाल."

मला हसू आलं. तीही हसली असावी. पण हसून झाल्यावर ती फोन ठेवीना. तिचा श्वास ऐकू येत होता, आणि मागं पडवीत कोणीतरी असूनही काहीच आवाज येत नव्हता.

मी एक उंदीर घेतला. पाण्यात सोडला, वेळ झाल्यावर काढला, फडक्यात गुंडाळला. फोन स्पीकरवर टाकून त्याच्या कानाशी धरला.

"समर्थ," आई म्हणाली, आणि मग स्वतःचं नाव जोडून, "सगुणाचा समर्थ."

तो उंदीर माझ्या मुठीत अगदी स्वस्थ होता.

"बारसं चाललंय काय मॅडम?" दारात संदेश उभा होता. संदेश माझा सहकारी. उंदरांना औषध तो देतो. कोणाला औषध दिलं आणि कोणाला साधं पाणी, हे मला शेवटपर्यंत कळू द्यायचं नसतं.

"घरचा फोन आहे," मी म्हटलं, आणि फडक्यातला उंदीर दिव्याखालच्या पिंजऱ्यात बाकीच्यांत सोडून दिला.

शेपटीवर मार्करनं खूण केलेली असते. पाण्यानं ती फिकटते, म्हणून पुसल्या पुसल्या पुन्हा काढायची. संदेश गाडीच्या पंक्चरबद्दल बोलत राहिला आणि ते राहून गेलं. नंतर पाहिलं तर त्या पिंजऱ्यातल्या एकाच्याही शेपटीवर खूण उरली नव्हती. सगळे पांढरे, एका वयाचे, अंगाला अंग लावून झोपलेले.

*

सोमवार.

त्या पिंजऱ्यातला पहिला उंदीर नेहमीसारखा पोहला आणि थांबला.

दुसरा पोहलाच नाही. पाण्याचं तापमान बघायला लावलेलं थर्मामीटर संदेश काढायला विसरला होता. उंदरानं पुढचे दोन्ही पाय त्याच्याभोवती टाकले, हनुवटी त्याच्यावर ठेवली आणि तसाच राहिला. मी त्याला काढायला गेले तर सोडेना. मागचं अंग उचललं तरी पुढची पकड तशीच. शेवटी त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

"बाद," मी म्हटलं. आधार मिळाला की चाचणीला अर्थ उरत नाही. संदेश त्याला घेऊन गेला.

तिसरा पाण्यात पडला, दोन हात मारले, आणि उलटा झाला.

पुन्हा सांगते, कारण हे ऐकणारे "पालथा पडला" असं समजतात. तो उताणा झाला. पोट वर. पुढचे पाय दोन्ही बाजूंना पसरलेले, मागचे सैल. तोंड आणि नाक पाण्याबाहेर, डोळे उघडे, वर ट्यूबलाइटकडे. उंदीर असं करत नाही. पाण्यात उलटा झालेला उंदीर एका क्षणात सरळ होतो, त्याच्या कानातच तशी सोय असते. मी इतकी वर्षं हे बघते आहे.

"मेला काय?" संदेश परत आला होता.

पोट वरखाली होत होतं. सावकाश. झोपलेल्या माणसाचं होतं तसं.

उताणं पडायचं, मला ऐकू आलं, समर्थच्या आवाजात. माझ्या हातातलं स्टॉपवॉच चालूच राहिलं. वेळ संपून गेली तरी मी बटण दाबलं नव्हतं. संदेशनंच त्याला बाहेर काढलं. टेबलावर ठेवताच तो वळला, अंग झाडलं आणि मिशा साफ करायला लागला.

मी त्याच्या शेपटीला लाल खूण केली. खरं तर नियमात लाल रंग नाही.

दुपारी डबा उघडते तोच आईचा फोन.

"योगू, त्यानं भात मागून घेतला. आपणहून. दोनदा." ती रडत होती. "मीठ कमी हाय म्हणाला."

*

त्यानंतरचे दिवस चांगले होते. हे लिहिणं भाग आहे.

समर्थ उठला. विहिरीवर जाऊन स्वतः आंघोळ करू लागला. शेजारच्यांच्या पोरांना पुळणीवर घेऊन गेला, पाण्यात कमरेपर्यंत उभा राहिला. फोनवर मला म्हणाला, "ताई, तुझी स्कूटी अजून धूर सोडते काय?" मी कॉलेजच्या जिन्यात बसून रडले. गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि तेवढे आठवडे झालेच होते. मी हेच आईला सांगितलं. आई "हो गो" म्हणाली. एरवी ती माझ्याशी वाद घालते.

उंदरांचं औषध चालू होतं. महिनाअखेरीस त्यांची दुसरी चाचणी आली.

बाकीच्या पिंजऱ्यांत काही वेगळं नव्हतं. फक्त त्या एका पिंजऱ्यात.

लाल खुणेचा पुन्हा उताणा झाला. दुसरा एक पोहताना तोंड पूर्ण उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा. आवाज काहीच नाही. शेजारशेजारच्या नळकांड्यांतले दोघं आपापल्या काचेच्या लगतच्या कडेला आले, एकमेकांच्या समोर. पंजे काचेवर सपाट. वेळ संपेपर्यंत तिथून हलले नाहीत. आणि एक जण पोहता पोहता थांबला, श्वास घेतला आणि सरळ तळाशी गेला. बुडी मारलेला उंदीर वर येतो. हा आला नाही. तळाशी बसून राहिला. संदेशनं बाहीसकट हात पाण्यात घातला.

त्याला वर काढून शेकलं तेव्हा तो जिवंत होता.

"मॅडम, हे बंद करू या," संदेश म्हणाला. "मला हे उंदरांसारखं वाटत नाही."

"मग कशासारखं?"

त्यानं हात पुसला. "आमच्या गावात होडी उलटली होती एकदा. आम्ही किनाऱ्यावर होतो."

विभागप्रमुख शमिका मॅडमनी चाचणीचं चित्रण पाहिलं. तो पिंजरा आजारी असणार, त्याची नोंद वेगळी काढा, म्हणाल्या. प्रयोगाच्या शेवटी सगळ्या प्राण्यांना मारून मेंदू काढायचे असतात, औषधाचं प्रमाण तपासायला. ते उद्याच उरका, म्हणाल्या. यात त्यांचं काही चुकलं नाही.

माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. अजूनही नाही. पण समर्थ भात मागून खात होता, पाण्यात उभा राहत होता, आणि त्याच्या नावाचा उंदीर उद्या मरणार होता. कोणता, हे मला ठाऊक होतं. जो उताणा पडतो तो.

मी लाल खुणेचा उंदीर भोकं पाडलेल्या डब्यात घातला आणि दुपारीच घरी निघाले.

*

समर्थ विहिरीवर होता. उन्हात उभा राहून डोक्यावर कळशी ओतत होता, एक झाली की दुसरी. मला बघून हसला.

"ताई, भरदिवसा? कॉलेज विकलंस काय?"

"सुट्टी घेतली."

"डब्यात काय? वडे?"

त्यानं ओल्या हातानं डबा घेतला आणि झाकण उघडलं. त्याचं हसू गेलं नाही, फक्त तसंच राहिलं, कोणीतरी दुसऱ्यानंच धरून ठेवल्यासारखं.

"हा कुठं गावला तुला?"

"कोण?"

"विठू," तो म्हणाला. "हेदवीचा विठू. आमच्या बोटीवरचा सारंग, आम्हा खलाशांचा म्होरक्या."

विहिरीच्या कठड्यावरून पाणी ठिबकत होतं. मी काहीतरी बोलले असेन. तो माझ्याकडे बघतच नव्हता.

"उताणं पडा, उताणं पडा. रात्रभर तोच ओरडत होता. हात मारणारे आधी जातात. सकाळी बघितलं तर तसाच पडला होता, डोळे उघडे. मला वाटलं, आभाळ बघतोय."

"तू नाही पडलास उताणा?"

"मला कुठं जमतंय? मी डब्याला धरून होतो. डिझेलचा रिकामा डबा. त्या लोकांनी मला वर काढलं तेव्हा सोडत नव्हतो म्हणं. बोटं एकेक करून उचलली माझी."

थर्मामीटर.

त्यानं उंदीर डब्यातून काढून तळहातावर घेतला.

तो तळहात मी पाहिला.

त्यावर एकही रेघ नव्हती.

दोरखंडाचे घट्टे नव्हते. लहानपणी कोयती लागून अंगठ्याखाली पडलेला व्रण नव्हता. बोटांच्या पेरांवरसुद्धा काही नव्हतं. ओल्या शंखाच्या आतली बाजू असते तसा तो हात होता, गुलाबी आणि सपाट. मी खाली पाहिलं. चिऱ्यावर टेकलेली त्याची पावलं कधीच कशावर न चाललेल्या बाळाची होती.

"योगू," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "आत ये."

मी आत गेले. तिनं दार लोटलं. चुलीवर भात रटरटत होता.

"बघितलंस?"

"कधीपासून?"

"त्यानं भात मागितला तेव्हापासनं. ताट पुढं करताना हात दिसला."

"आई, तो..."

"मला कळतंय गो." तिनं भाताचं झाकण काढलं, शीत दाबून पाहिलं, झाकण पुन्हा ठेवलं. "जेवतोय ना? जेवू दे."

बाहेर तो हळू आवाजात बोलत होता. एकेक नाव घेत होता आणि थांबत होता, उत्तर ऐकायला थांबतात तसा. मी दार उघडलं. उंदीर त्याच्या तळहातावर उताणा पडला होता.

समर्थनं वर पाहिलं.

"ताई, बाकीचे पण तुझ्याकडंच हायत काय?"

*

थर्मामीटरला धरून राहिलेला उंदीर, म्हणजे समर्थच्या नावाचा, संदेशनं त्या सोमवारी सकाळीच मारला होता, समर्थनं भात मागण्याआधी. चाचणीतून बाद झालेला प्राणी आम्ही त्याच दिवशी संपवतो.